सध्या बंद

आमच्या घरात "नाही" असं कुणी म्हणत नसे. "सध्या नाही" म्हणत. ऐकणाऱ्याला तेवढाच धीर.

वडील हिंगणघाटला एका कापसाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. मी सातवीत असताना अडत्याच्या घरी वाटण्या झाल्या आणि वडिलांची बारमाही नोकरी हंगामी झाली. दिवाळी ते होळी काम, पुढे हरी हरी. होळी झाली त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नवा घरखर्च मांडला आणि चुलीपाशी बसून आईला वाचून दाखवला. गहू, सध्या बंद. चहात साखर, सध्या बंद. दूध, सध्या बंद. आई भाकरी थापता थापता प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणत होती.

"पोरीची शाळा, सध्या बंद."

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटवली नाही.

"'सध्या' काऊन लिवलं?"

"अवं, कायमची थोडीच! एखादं साल."

"मी चौथी पास झाली तवा माह्या बाबानं असंच म्हटलं होतं. पोरीची शाळा सध्या बंद. ते सध्या अजून सरून राह्यलं नाई."

मी दाराआड उभी होते. त्या सुंदर अक्षरांचा मला इतका राग आला की कागद चुलीत टाकावासा वाटला.

तो वाचवला आईनंच. म्हणाली, "वर्षाच्या गव्हाचे पैसे डब्यात हायेत ना? त्याची तूर आणा अल्लीपूरहून. आपण जवारी खाऊ. दाळ मी करतो."

तुरीची बंडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारणी हसल्या. तूर भिजवायची, जवसाचं तेल चोळायचं, कडक उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. पहिल्या खेपेला आईनं घाई केली. तूर पुरती वाळली नव्हती. सालं सुटेनात, निम्म्या डाळीचा चुरा झाला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," वडील म्हणाले, आणि पुढचा महिनाभर निमूटपणे चुऱ्याची आमटी, चुऱ्याचे वडे आणि चुऱ्याचं पिठलं खात राहिले.

दुसऱ्या खेपेला आई रोज एक दाणा दाताखाली धरून बघायची. कट्‌ वाजला तरच जात्याला हात. ती डाळ अशी पिवळीधमक उतरली की शेजारणींनीच आधी विकत नेली. सालीची चुनी गवळ्यानं म्हशीसाठी मागितली आणि बदल्यात दूध सुरू केलं. मग एक दिवस अडत्याच्या बायकोचा निरोप आला: वर्षाची डाळ तुमच्याकडचीच हवी. ज्या घरी वडील दिवाणजी म्हणून जात, तिथे ते खांद्यावर पोतं घेऊन गेले. परतले तेव्हा मिशीत हसत होते.

जून उजाडला. वडिलांनी तोच कागद काढला आणि शेवटच्या ओळीतले दोन शब्द खोडून वर लिहिलं, "चालू." मी त्यांच्या देखत अंगणात उड्या मारल्या.

मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते. माझ्या पहिल्या पगारात ती चकचकीत नाणी होती. त्या संध्याकाळी घरखर्च मी मांडला आणि आईला वाचून दाखवला. गहू चालू. साखर चालू. शेवटी पिशवीतून पाचवीचं पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"आईची शाळा, चालू."

आईनं हात पदराला पुसले, पुस्तक उघडलं, डोळ्यांपासून लांब धरलं, मग आणखी लांब.

"चष्मा लिव त्यात," ती म्हणाली. "अन् 'सध्या' नको लिवू."