लातूरला तपासणी

जळकोटहून लातूरला निघालेल्या एसटीत आम्ही तिघी होतो. खिडकीपाशी माझी विद्यार्थिनी, वय एकोणीस, मधे तिची आई, कडेला मी. पोरीला बौद्धिक अपंगत्व आहे. तालुक्याच्या केंद्रात मी अशाच मुलांना शिकवते. तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली होती, म्हणून पुन्हा तपासणी. अपंगत्वाचे टक्के चाळीसच्या खाली आले की बसची सवलत बंद. मग केंद्रात येणं बंद, म्हणजे शिकणंच बंद.

"मॅडम, आज ती जास्त बोलली की घात हाय बगा," आई दबक्या आवाजात म्हणाली. "तुमीच लई शिकवून ठिवलंय."

मला रागच आला. चार वर्षं घसा कोरडा केला तो काय लपवायला? पण खरं सांगते, भीती मलाही तीच होती. नाव, गाव, घड्याळ, बसची पाटी, सगळं तिला येऊ लागलं होतं. मात्र जरा गर्दी-गोंगाट झाला की हीच पोरगी रस्त्याच्या मधोमध बसकण मारते, उठता उठत नाही. पाच मिनिटांच्या तपासणीत ते काय कपाळ दिसणार?

लातूरच्या सरकारी दवाखान्यात रांगेत दोन तास गेले. पोरगी मजेत होती. मी मात्र पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा तपासत होते.

आत डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "सांग बरं, किती वाजले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायच्या आधी ती नेहमी माझा चेहरा बघते. मी मान हलवली की बोलते. ही सवय मीच लावली आणि मोडायची राहून गेली. उत्तर तिच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मी मान खाली घातली आणि पिशवीतले कागद चाळत बसले.

त्या काय नि पुढच्या काय, एकाही प्रश्नाला ती बोलली नाही. पहिलेच टक्के कायम राहतील, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर आई "सुटलो बाई एकदाचं" म्हणत चहा आणायला गेली. माझाही जीव भांड्यात पडला. लाज वाटली, पण पडला.

पोरगी बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिने माझी बाही ओढली.

"साडेअकरा वाजले होते मॅडम. मला येतंय की. तुमी वरच बघितलं न्हाई."