तीनशे रुपयांचा भोपळा

चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट घेऊन रांगेतून येत होते. मी गुडघे टेकून दोन्ही हात पुढे केले. ताट माझ्यापाशी थांबलं आणि पुढे गेलं.

"बाई, तुमची वर्गणी थकलीय. आधी ती भरा, मग प्रभूच्या मेजाला या."

हळू नाही म्हणाले. आमची उपासना वाशीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही ऐकू गेलं. चार महिन्यांचे बारा रुपये. नवऱ्याची तळोज्याची कंपनी बंद पडलेली, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं.

ताट मंडळीच्या खजिनदारांपाशी गेलं. त्यांनी डोळे मिटून, मान झुकवून भाकरी घेतली. भारी भक्त माणूस.

या भक्ताच्या घरी मी भांडी घासायची.

आमच्यात कापणीच्या सणाला जो तो घरचं काहीतरी देवाला आणतो. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पैसे नव्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, इमारतीला. आधीच्या सणाला मी कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीमागच्या वेलाचा भोपळा नेला होता. खजिनदारांनी तो तीनशेला घेतला. तीनशे! टाळ्या थांबेनात. असा दाता दिला म्हणून पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले. मीही रडले. वेडी.

दुसऱ्या दिवशी तोच भोपळा खजिनदारांच्या बायकोने माझ्यापुढे ठेवला. "चीर गं." बाहेर पाळकसाहेब जेवायला आलेले.

"भोपळ्याचे भरले का?" त्यांनी विचारलं.

"भरायचे कशाला?" खजिनदार म्हणाले. "देव काय वसुलीला येतोय?"

"अहो, निदान मागच्या कोंबड्याचे तरी भरा."

"तो तर तुम्हीच खाल्लात, साहेब!"

पाळकसाहेब ठसका लागेपर्यंत हसले. मी विळीवर बसून ऐकत होते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मेजावरून उठवलं तेव्हाही फुटला नाही. घरी आल्यावर लाज वाटली ती बारा रुपयांची नाही. गप्प बसल्याची.

पुढच्या सणाला खजिनदारांनी एका नारळाला पाचशे पुकारले. टाळ्या सुरू झाल्या. मी उठले.

"आधी माझ्या भोपळ्याचे तीनशे द्या."

शेजारणीने पदर ओढला. "बस की गं खाली, पाप लागंल."

खजिनदार हसले. "ही आमची भांडेवाली. हिला हिशोब कळतो होय?"

"भोपळा कळतो. तुमच्या घरी मीच चिरला. पैसे भरले नाहीत, हे तुमच्याच तोंडून ऐकलं. साहेब ताटावर होते. विचारा त्यांना."

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने गीत सुरू केलं. देवाचं नाव अशा वेळी फार उपयोगी पडतं.

माझं काम गेलं. आठवड्याने पाळकसाहेब खोलीवर आले. बारा रुपये माफ करतो म्हणाले. फक्त मंडळीपुढे क्षमा मागा, मेजाला परत घेऊ. मी चहासुद्धा ठेवला नाही.

क्षमा मागणार नाही. पुढच्या महिन्यात मंडळीची वार्षिक सभा आहे. तिथे बायका बोलत नाहीत, पुरुषांनी हात वर केले की आपलेही करतात. मी हात वर करणार नाही. खजिनदारांची हिशोबाची वही मागणार आहे. लिलावाची पानं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. वही दिली नाही, तर दारात उभी राहीन आणि एकेकाला नाव घेऊन विचारीन, तुम्ही काय आणलं होतं, आणि ते कुणी नेलं.