चार वाजताचा तुटका आवाज

शाळेतून साडेचारला घरी यायचं, पर्स टाकायची, चहा ठेवायचा आणि बाबांच्या ब्लूटूथशी भांडायला बसायचं, असा पंधरा-वीस दिवस माझा क्रम होता. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून झालेला असायचा. त्यात दार उघडलं की बाबा तयारच. "पाह्य वं जरा. बाई आजही तुटक तुटक बोलून राह्यली."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. नरखेडकडच्या एका गावात, संत्र्याच्या बगिच्यात एकटी राहते. बाबांचा जन्म कामठीत पॉवरलूमवर गेला, त्या खडखडाटात कानही अर्धे गेले. आई गेल्यावर मी त्यांना प्रताप नगरला माझ्याकडे आणलं. इथं त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. रोज चारला आत्याशी अर्धा तास फोन, दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच. नुसत्या फोनवर शब्द कळत नाहीत म्हणून मी गळ्यात अडकवायचे ब्लूटूथचे इअरफोन आणून दिले होते. दोनेक महिने झकास चाललं. मग आवाज तुटायला लागला आणि अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. फोन ठेवला की बाबा नुसते भिंतीकडे पाहत बसायचे. मला ते बघवत नव्हतं, आणि रोज उठून दुरुस्ती करायचा जीवही राहिला नव्हता.

काय नाही केलं? रात्रभर चार्ज केले. जाळीतला मळ टाचणीनं काढला. जोडणी तोडून पुन्हा जोडली. फोन अपडेट केला. ते इअरफोन मधूनच माझ्या लॅपटॉपला जाऊन चिकटायचे, ते बंद केलं. वाय-फायचा डबा बाबांच्या पलंगामागून काढून दुसऱ्या खोलीत नेला. मोबाइलच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं माझ्यासमोर गाणं लावून दाखवलं, एकदम साफ. माझ्या हातातही साफ. बाबांकडे गेलं की खरखर.

"तिकडून तुटते," बाबा म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे गावचं नेटवर्क. आत्याला फोन करून सांगितलं, घरात रेंज नसेल, विहिरीपर्यंत जाऊन बोलत जा. "बरं बाई," म्हणाली ती, आणि रोज जायलाही लागली. तरी तेच.

एक दिवस माझं डोकं फिरलं. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले, कणीक भिजवायची राहिलेली, आणि बाबा पुन्हा तेच घेऊन दारात उभे. "बाबा, ब्लूटूथला काही झालेलं नाही. कानच गेलेत तुमचे. मान्य करा आता." बोलले आणि लगेच जीभ चावली. बाबा वळून खोलीत गेले. आठ लूम एकट्यानं चालवणारा माणूस. कोणत्या लूमवर धागा तुटला ते पाठमोरा उभा राहून सांगायचा. त्याला मी हे सुनावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. चार वाजता मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर आत्याशी बोलणं चालू, कानात इअरफोन आणि फोन कुठेच नाही. विचारलं तर त्यांनी पलंगाखालचा स्टीलचा टिफिन दाखवला. फोन टिफिनात, वरून झाकण घट्ट.

"काहून ठेवता डब्यात?"

"कपचा बसते ना त्याच्यात. तू टाचणीनं मळ काढला, तवापासून ठेवून राह्यलो."

कपचा म्हणजे लूमवर उडणारी कापसाची बारीक धूळ. कामठीला सगळे कामगार घड्याळ, विडी, पैसे, सगळं डब्यातच ठेवायचे. माझ्या घरात कसली आली कपचा? पण हाताची सवय ती. स्टीलच्या बंद डब्यातून ब्लूटूथचा आवाज बाहेर येणार कसा! मला हसावं की रडावं ते कळेना. कान गेले असं मी म्हणाले, त्याची लाजही वाटली. "माफ करा बाबा," म्हटलं आणि फोन काढून त्यांच्या खिशात ठेवला. खरखर तिथेच थांबली. "वा," म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

या गडबडीत कटलेला फोन पुन्हा लावला. माझी मेहनत फळाला आलेली मलाही ऐकायची होती, म्हणून एक इअरफोन मी माझ्या कानात घातला. आवाज इतका साफ की विहिरीवरच्या मोटरची घरघरसुद्धा ऐकू येत होती.

"जेवला का... गा?" आत्या म्हणाली. "मी आता... आत्ताच... इथं आली."

मी त्यांच्या खिशातला फोन काढून पाहिला. रेंज पूर्ण होती. बाबांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "मोटरचा आवाज तुटते का?"

मी ऐकलं. मोटर एकसारखी चालू होती. एक क्षणही तुटत नव्हती.

"मंग बाईच तुटून राह्यली," बाबा म्हणाले. "मी सांगत होतो ना तुले, तिकडून."

तिकडे आत्या दम घेत होती. एका वाक्यात तीन तीनदा. "ऐकू... नाही येत का? ब्लूटूथच खराब... आहे तुहा. पोरीले सांग... दुसरा घेऊन दे." ती रोज बाबांना हेच सांगत असणार, आणि मीही रोज ब्लूटूथलाच दोष देऊन टाचणी घेऊन बसत होते. धड उभं राहवत नव्हतं तिला, आणि रेंजसाठी मी तिला रोज विहिरीपर्यंत चालायला लावलं होतं.

बाबांनी गळा साफ केला. "हो बाई, खराबच आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "आता तू तिथंच बस, चालू नको. उद्या आम्ही येऊन राह्यलो तुह्याकडे. समोरासमोर बोलू."

मग त्यांनी इअरफोन काढून डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि मला म्हणाले, "पहिली एसटी किती वाजता आहे, पाह्य."