मधेच पाडलेला पडदा

आमच्या गावच्या जत्रेत एक वर्ष कन्नड नाटक असतं, एक वर्ष मराठी. पुरुषांची कामं गावातलेच लोक करतात. बायकांची दोन कामं असली तर हुबळीहून दोन नट्या आणतात, कारण आमच्यातल्या बायका स्टेजवर चढत नाहीत. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. मोडला मी, एवढं माहीत आहे.

अप्पा, म्हणजे माझा बाप, अळणावरला लाकडाच्या वखारीत हमाली करतो. जत्रेच्या नाटकात पडदा ओढायचं काम त्याचं. मी जन्मायच्या आधीपासून ती दोरी त्याच्याच हातात आहे. विंगेत उभं राहून राहून त्याला सगळ्यांची भाषणं पाठ झाली आहेत, दोन्ही भाषांतली. कुणी अडलं की अप्पा तिथूनच हळूच शब्द सोडतो. पण ह्याला एखादं काम द्यावं, असं कुणाला कधी सुचलं नाही. हमालाच्या तोंडी राजाचं भाषण शोभत नाही म्हणे. जसे काय बाकीचे राजे शेण काढून आलेले नसतात!

मी धारवाडला राहून बी.ए. केलं. आमच्या घरात ते पहिलंच, आणि मी ते सांगत फिरते. का सांगू नये? कॉलेजात असताना एका हौशी नाटकमंडळीत शिरले. पहिलं वर्ष स्टेज झाडलं, दुसऱ्या वर्षी पडद्यामागून संवाद सांगितले, मग कामं मिळाली. तिथं एक गोष्ट अंगात मुरली. दुसरा बोलत असताना खरोखर ऐकायचं. आपल्या वाक्याची वाट बघत उभं राहणारा नट प्रेक्षकाला लगेच कळतो, बसस्टँडवर उभा असल्यासारखा दिसतो.

गेल्या वर्षी मराठी नाटकाची पाळी होती. जत्रा कमिटीची बैठक देवळात भरली तिथं मी गेले आणि बायकांच्या दोन कामांपैकी सुनेचं काम मला द्या म्हणाले. कमिटीचे अध्यक्ष म्हातारे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं, मग म्हणाले, आपल्यातल्या बायका ह्यात नसतात.

"मग हुबळीहून येतात त्या कुणातल्या असतात, काका?" मी विचारलं.

दोघेतिघे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खांबाजवळ उभ्या असलेल्या अप्पाकडे बघितलं आणि सांगितलं, पोरगी वर चढली तर दोरी कुणाकडे द्यायची ह्याचाही विचार करावा लागेल. आता सगळेच अप्पाकडे बघायला लागले. त्यानं खांद्यावरचा टॉवेल एकदा झटकला.

"पाठांतर पक्कं असंल तर करू दे की," अप्पा म्हणाला.

सासूचं काम करायला हुबळीहून एकजण आली. पन्नाशीची बाई, घरची भाषा कन्नड. मराठी संवाद तिनं वहीत कन्नड अक्षरांत उतरवून आणले होते आणि एकही चुकत नव्हती. मी तिला अक्का म्हणायचे. शेवटच्या दोनच तालमींना ती आली, आणि त्यातच तिनं मला जे शिकवलं ते धारवाडला कुणी शिकवलं नव्हतं. ते आहेराबद्दल होतं.

आमच्याकडे नाटक चालू असताना कुणीही आहेर घेऊन स्टेजवर येतो. नाटक थांबतं, पेटी वाजते, माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात. नटाला टॉवेल-नारळ मिळतो. मेलेला असला तरी उठून घेतो आणि परत मरतो. नटीला मात्र नोट मिळते, आणि ती देणारा स्वतःच्या हातानं तिच्या पदराला पिनेनं लावतो. अक्का म्हणाली, तो जवळ आला की हात पुढं करायचा, पिन त्याच्याकडून मागून घ्यायची आणि आपणच लावायची. दिली नाही तर श्वास धरायचा आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं. चालत्या बसमधून कसं उतरावं ते सांगावं, तसं सांगितलं तिनं.

जत्रेच्या रात्री, पहिल्या अंकात अक्काचा रडण्याचा प्रवेश होता. ऐन मधे एकजण नोट घेऊन चढला. काकांचा भाचा. अक्कानं हात पुढं केला. त्यानं पिन दिली नाही. सावकाश, शिट्ट्या संपेपर्यंत लावत बसला. अक्का त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभी राहिली. तो उतरल्यावर तिनं हुंदका जिथं सोडला होता तिथूनच उचलला. मी विंगेत होते. अप्पा माझ्या शेजारी होता, हातात दोरी.

दुसरा अंक माझा. दीर घर बळकावायला आलेला, सासू कोपऱ्यात, आणि सून त्याच्यासमोर उभी राहते. "मी या घरातून हलणार नाही, सासूबाई, आणि..." एवढं म्हणाले तोच पेटी वाजायला लागली. भाचा परत चढला होता. एका हातात नोट, एका हातात पिन. "गावची नटी," तो लोकांकडे तोंड करून म्हणाला. मी हात पुढं केला. त्यानं पिन वर धरली आणि माझ्या खांद्याकडे आला.

तेवढ्यात धाडकन पडदा खाली आला. खालचा बांबू आम्हा दोघांच्या मधेच आदळला. तो लोकांच्या बाजूला, मी आत.

बाहेर आधी हशा झाला, मग आरडाओरडा. काका विंगेत आले, अप्पानं भाच्याची माफी मागितली नाही तर नाटक इथंच संपलं म्हणाले. अप्पानं दोरी मनगटाला गुंडाळून घेतली होती. पण त्या घडीला सगळ्यांत जास्त चिडलेली मी होते.

"अप्पा, माझं वाक्य निम्मं राहिलं."

"राहू दे."

"आणि मघाशी अक्काच्या वेळी तुझा हात का नाही हलला?"

अक्का पेटाऱ्यावर बसून पदराची पिन काढत होती. राहू दे गं, माझं रोजचंच आहे, म्हणाली. अप्पानं ते ऐकलं. खरोखर ऐकलं.

माफी कुणी मागितली नाही. बाहेर लोक नाटकासाठी ओरडायला लागले, तसे काका भाच्याला घेऊन खाली उतरले. मी पडदा वर घ्यायला सांगितला आणि मघाशी होते तिथंच, तसाच हात पुढं करून, उभी राहिले. सगळं वाक्य पहिल्यापासून म्हटलं. "मी या घरातून हलणार नाही, सासूबाई, आणि तुम्हालाही हलू देणार नाही." टाळी नाही पडली. बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं, बस्स.

तिसऱ्या अंकात अक्काचा परत रडण्याचा प्रवेश. एकजण नोट घेऊन पायऱ्या चढला. अक्काचा हात सवयीनं पुढं आला, आणि पडदा पडला. ह्या वेळी अप्पाला, हात का नाही हलला, असं विचारायची पाळी आली नाही.

आत अंधारात अक्का क्षणभर तशीच उभी होती. मग विंगेतल्या अप्पाकडे वळून म्हणाली, "वर घे अण्णा. माझं रडणं निम्मं राहिलंय."

त्यानंतर शेवटपर्यंत कुणी चढलं नाही.

ह्या वर्षी कन्नड नाटक आहे. दोरी कमिटीनं दुसऱ्याकडे दिली. माझ्याबद्दल काय ठरलंय ते मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारायला जाणार नाही. बैठकीला जाणार आहे, कामं मागायला. ह्या वेळी दोन. एक माझ्यासाठी आणि राजाचं अप्पासाठी. पाठांतर पक्कं आहे त्याचं.