सिस्टरबाईंच्या विटा

सुई टोचताना सिस्टरबाई कधीच "दुखणार नाही" असं म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "दुखते. थोडंसं दुखते. पण तू इकडं पाहू नोको, तू इटा लाव." आणि समोरच्या लेकराच्या हातात विटांच्या खेळाचं ते करडं यंत्र द्यायच्या. वरून वेडीवाकडी वीट पडते, ती फिरवून बसवायची, ओळ भरली की ओळ गायब. ज्यांनी तो खेळलाय, त्यांचे अंगठे हे वाचतानाच हलायला लागले असतील.

आमचा दवाखाना भामरागडच्या अलीकडे, रस्त्याकाठी. साल दोन हजारच्या आसपास. मी तेवीस वर्षांचा नवा कंपाउंडर, आणि बाई तिथल्या वीस वर्षांच्या मुरलेल्या. लेकराला दाबून धरून टोचायला त्यांची सक्त मनाई. "आज धरशीन, तं उद्या दवाखान्याच्या मोटरीचा आवाज आल्याबरोबर मायबाप पोराले घेऊन जंगलात पळतीन." म्हणून ते यंत्र. बाईंनी ते चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेत घेतलं होतं. आमच्या भागातल्या बाजारात तसलं दुसरं मिळत नव्हतं, त्यामुळे आहे त्यालाच जगवणं भाग होतं.

बाईंचे वडील चंद्रपूरला घड्याळं दुरुस्त करायचे. तो हात बाईंकडे आला होता. सेलची स्प्रिंग गंजली की पॉलिश पेपरनं घासायच्या. सेल सैल बसला की गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घडी करून खोचायच्या. पडद्यावरच्या रेघा पुसट झाल्या की यंत्र उघडून आतली रबराची पट्टी खोडरबरानं हलकेच पुसायच्या. तरी उजवीकडच्या दोन रांगा कायमच्या दिसेनाशा झाल्या होत्या. पोरांना त्या सांगायच्या, "इथले दात पडले याचे. अंदाजानं लाव."

दुपारी रुग्ण नसले की ते यंत्र माझ्या ताब्यात. बाई जाता जाता म्हणायच्या, "बाबू, तुले पगार औषधाचा भेटते का इटांचा?"

त्या पावसाळ्यात नाल्यापलीकडून सुनी नावाची आठेक वर्षांची पोर आली. मलेरियाचा ताप डोक्यात जायच्या बेतात. पाच दिवस रोज सुई. पहिले तीन दिवस तिनं ओठ चावत, विटा लावत काढले. चौथ्या सकाळी मला वाटलं, हिला पूर्ण पडदा दिसला तर किती बरं होईल! बाई वॉर्डात होत्या. मी यंत्र उघडलं. खोडरबर सापडेना, म्हणून कापसाचा बोळा घेतला आणि स्वच्छतेच्या भरात स्पिरिटमध्ये चांगला चिंब केला. स्पिरिट पडद्याच्या काचेत शिरलं. शाईचा डाग पसरावा तसा पडदा काळा होत गेला. गेलेले दोन दात परत आले नाहीतच, उरलेलं तोंडही गेलं. दारातून डोकावणाऱ्या सुनीनंही ते पाहिलं.

बाई आल्या. मी म्हणालो, "उंदीर असेल, सिस्टर."

"उंदीर पेचकस घेऊन आल्ता का?" माझ्या खिशाकडे पाहत बाई म्हणाल्या. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर डोकावत होता.

तेवढ्यात सुनीचा बाप दारात आला. "नाल्याले पूर चढून राह्यला, सिस्टर. आता नाई निघालो तं अडकून जाऊ. पोरीले नेतो."

"दोन सुया राह्यल्या, भाऊ. आता नेशीन, तं ताप वापस येईन. मंग पुरातून कसा आणशीन तिले?"

"ते मशीन बंद झालं म्हनते पोरगी. रडून राह्यली. धरून टोचनं मले पाहवत नाई." बापानं खांद्यावर गाठोडं घेतलेलंच होतं.

बाईंनी मेलेल्या यंत्राचं बटण दाबलं. "टुक" असा आवाज आला. आवाज जिवंत होता. बाई एकदम माझ्याकडे वळल्या. "बाबू, स्टुलावर चढ. औषधाचे रिकामे डबे घे. आता तूच मशीन."

मी भिंतीला टेकवलेल्या टेबलाशेजारी स्टुलावर चढलो. सलाइनचा लांब खोका ही उभी वीट, गोळ्यांचा चौकोनी खोका ही चौकोनी, चिकटपट्टीनं जोडलेले दोन ही वाकडी. खोका हळूहळू खाली आणायचा. हातातल्या यंत्राचं बटण दाबून सुनीनं टुक केलं की डावीकडे, टुकटुक केलं की उजवीकडे, वरचं बटण दाबलं की गिरकी. आधी ती नुसती पाहत राहिली. मग अंगठा हलला. टुक. मी डावीकडे. टुकटुक. मी उजवीकडे. तिनं मुद्दाम मला सात वेळा गिरकी घ्यायला लावली. "बरोबर बसव ना बे," बाई ओरडत होत्या, आणि त्यांचा एक हात सिरिंज भरत होता.

खालची ओळ भरली. नियमाप्रमाणे ती मी वाकून काढायला गेलो, आणि वरचा सगळा मनोरा माझ्या डोक्यावर आला. सुनी खदखदून हसली. त्या हसण्यात सुई जाऊन परत आली होती. बापानं गाठोडं खाली ठेवलं. पाचवी सुईही झाली. पूर ओसरल्यावर पोर स्वतःच्या पायांनी नाला ओलांडून गेली.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ते काळ्या पडद्याचं यंत्र मला देऊन म्हणाल्या, "स्पिरिटपासून दूर ठेव."

सात-आठ वर्षांनी कळलं की बाई चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत, आणि दिवस थोडे आहेत. भाच्याच्या नव्या काचेच्या फोनवर तोच खेळ भरून घेतला आणि गेलो. बाई चादरीएवढ्याच उरल्या होत्या. दोन्ही हात टोचून निळे. "अख्खा तालुका टोचला मी," त्या म्हणाल्या, "आता सुई दिसली का मीच मान फिरवते."

मी फोन पुढे केला. पडदा लख्ख, सगळे दात जागच्या जागी. बाईंनी कोरडा अंगठा काचेवर दाबला. काही हललं नाही. "याले बटनच नाई. दाबलं का नाई, अंगठ्याले कसं समजन?"

मग मी पिशवीतून जुनं यंत्र काढलं. सेल नवे घातले होते. ते बाईंच्या अंगठ्याखाली ठेवलं. टुक.

तिथली तरुण नर्स ट्रे घेऊन आली, तेव्हा चाळिशीकडे झुकलेला एक माणूस, म्हणजे मी, कॉटशेजारच्या टेबलापाशी औषधांचे रिकामे खोके हवेत धरून उभा होता. "हे काय चाललंय, दादा?"

"त्याले बोलू नोको," बाई म्हणाल्या. "तो मशीन आहे."

टुक. टुकटुक. अंगठा फार सावकाश हलत होता. मीही खोके सावकाश आणत होतो, जमेल तितके सावकाश. खालची ओळ भरली. मी थांबलो.

"काऊन बाबू? हँग झाला का? काढ ओळ."

मी वाकून ओळ काढली. मनोरा डोक्यावर आला. बाई हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. नर्सनं कापूस दाबून धरला होता.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"दुखलं नाई," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.