सरकी भरलेला ससा

"हा पोलिओमायलायटिस आहे," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. वर्गात न समजता मान डोलावणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करतो. मग डॉक्टरांनीच फोड करून सांगितलं: हा मणक्यातल्या मज्जातंतूंचा रोग. तापातून येतो, ताप उतरतो, पण कधी हात घेऊन जातो, कधी पाय. आमच्या पाच वर्षांच्या लेकीचा, शशीचा, उजवा हात गेला होता.

त्याआधी लंबर पंक्चर झालं होतं. म्हणजे पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढतात. शशीला घट्ट धरायचं काम माझ्याकडे होतं. मलाच भोवळ आली आणि सिस्टरांना दोन पेशंट सांभाळावे लागले.

बायको आर्णी गावी बाळंतीण, म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात मी. दुखणं ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता बोटं हलवून घ्या. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतं." नाही आलं तर काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सकाळी पेन्सिल धरायला द्यायचो, पडायची. दुपारी चमचा, तोही पडायचा. मग मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. मारुतीला नवस बोललो, पिराला बोललो. कोणाला नारळ आणि कोणाला चादर, याचाही घोळ झाला.

शेजारच्या कॉटवरच्या मुलीची आजी पांढरकवड्याची. सारा वॉर्ड तिला खाला म्हणायचा. ती क्रोशाच्या सुईनं नातीला टोपी विणत होती. ते पाहून शशीनं ससा मागितला. मी हौसेनं सुई घेतली.

"मास्तर, सुई हाय ते, सब्बल नोहे," खाला म्हणाली. "इतकी काहून दाबून राह्यले?" सब्बल म्हणजे पहार.

तिनं साखळी शिकवली, गोल वळवायला शिकवलं. माझ्या सशाचा एक कान लांब झाला, दुसरा झालाच नाही. शशीनं नीट पाहून विचारलं, "बाबा, हे रेडकू हाय का?"

सशाचं पोट भरायला काही हवं होतं. दवाखान्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे जात. एका गाडीवानाकडून ओंजळभर कापूस मागून आणला आणि तसाच कोंबला. आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की आधी त्यातली सरकी काढावी लागते. मास्तरला सुचलं नाही. ससा धोंड्यासारखा जड झाला. शशीच्या उजव्या हाताखाली ठेवला, तर तो हात त्याला तसूभरही सरकवू शकेना.

ती रडली, हातासाठी नाही. "याच्या पोटात गोटे हायेत. दुखत असंन त्याले."

मग पोट उसवलं. वातींसाठी घरोघरी बाया काढतात तशी सरकी काढायची: एका हातानं कापूस धरायचा, दुसऱ्यानं बी ओढायचं. शशी डाव्या हातानं ओढू लागली, धरायला मी. तेवढ्यात डॉक्टर राउंडवर आले. थांबून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही धरू नका. तिलाच धरू द्या."

ती डाव्या हातानं पुंजका उचलून उजव्या बोटांत ठेवायची. तो गळायचा. पुन्हा ठेवायची. असे किती दिवस गेले कोण जाणे. शेजारची कॉट रिकामी झाली; खालाची नात वाचली नाही. जाताना खाला शशीच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

एका दुपारी मला ते बघवेना. पुरे झालं म्हणून मी तिच्या उजव्या बोटांतला पुंजका काढून घ्यायला गेलो. तो आला नाही. तंतू ताणले गेले. पलीकडून कोणीतरी धरून होतं.

"सोडा ना, बाबा," शशी म्हणाली. "त्याचं पोट दुखून राह्यलं."

तिचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, आणि डॉक्टरांनी तशी आशाही लावली नव्हती. पण बोटं धरतात. तुमच्या घरी हे दुखणं आलं, तर लेकरासाठी सारं धरून ठेवायला धावू नका. मी सोडलं, तेव्हाच तिला धरता आलं.