दारं उघडी ठेवून पाठवलेला गेम

“सगळी दारं उघडी ठेव,” सुभेदारसाहेब म्हणाले. “मुंबईचा मानूस हाय. त्याला दारात ताटकळत कशाला ठेवायचं?”

मी फ्लॉपीवर गेम कॉपी करत होते. मुंबईच्या एका मासिकाकडे परीक्षणाला जायची ती प्रत होती.

सुभेदारसाहेब म्हणजे आमचे मालक. सैन्याच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या विभागातून, निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत विश्रामबागेत कॉम्प्युटर क्लास काढला होता. दुपारी मशीन्स रिकामी असायची, म्हणून गेम बनवायचं त्यांनी ठरवलं. मी साताऱ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. सांगलीत मावशीकडे राहून त्या क्लासमध्ये नोकरी करत होते. मला घेतलं होतं इंग्रजी पत्रं लिहायला. पुढे लेव्हल डिझाइन माझ्याकडे आलं. लेव्हल डिझाइन म्हणजे खेळणाऱ्याला कुठली गोष्ट कुठे आणि कधी सापडेल हे ठरवणं.

गेमचं नाव ‘कॅप्टन राणू’. राणू ही चाच्यांची म्होरकी. नऊ बेटांवर फळ्यांवरून, दोरांवरून उड्या मारत ती आपलं हरवलेलं गलबत शोधते. अशा उड्यांच्या खेळाला प्लॅटफॉर्मर म्हणतात. आमच्या खेळात नुसतं पुढे पळायचं नव्हतं. पहिल्या बेटावर एक बंद दार दिसतं. ते उघडायची आकडी चौथ्या बेटावर मिळते. मग मागे यायचं आणि दार उघडायचं. आत काय असेल या उत्सुकतेवर सगळा खेळ उभा होता. वर्षभर मी बेटांचे नकाशे मांडत होते आणि खोडत होते.

चित्रं मानेगुरुजींनी हाताने काढली होती. ते कोरेगावच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. वर्षाची बिनपगारी रजा घेऊन ते आले होते. राणूची एक उडी म्हणजे बारा चित्रं, प्रत्येक वेगळ्या कागदावर, शाईने. ती मिरजेच्या एका प्रेसमध्ये स्कॅन व्हायची. गुरुजींनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, मुलं मोजत. म्हणून ते कोयनानगरला जाऊन राहिले, धरणाचं पाणी वहीत काढून आणलं आणि त्यावर गलबतं सोडली.

मुंबईचा एक वितरक आमचा गेम दुकानांत पोचवायला तयार होता. अट एकच. तिथल्या एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकात परीक्षण चांगलं यायला हवं. तसं झालं तर गुरुजी शाळेचा राजीनामा देणार होते आणि दुसरा गेम सुरू होणार होता. नाही झालं तर गुरुजी परत शाळेत आणि क्लास पुन्हा नुसता क्लास.

तोवर आमच्याबद्दल दोनदा छापून आलं होतं. सांगलीच्या पेपरात साहेबांच्या सत्काराचा फोटो आला, हारासकट. पुण्याच्या पेपराने आमचंच माहितीपत्रक जसंच्या तसं उतरवून खाली ‘स्तुत्य उपक्रम’ असं जोडलं. दोघांपैकी कोणीही फ्लॉपी मशीनमध्ये घातली नव्हती. खेळून लिहिणारा हा मुंबईचा पहिलाच.

साहेबांच्या मते हे इन्स्पेक्शन होतं. सैन्यात इन्स्पेक्शनच्या दिवशी पेटी उघडून सगळं सामान कॉटवर मांडतात. मोजे, ब्रश, सुईदोरासुद्धा. अधिकाऱ्याला एखादी वस्तू शोधावी लागली तर ती मांडणाऱ्याची चूक. साहेबांची सगळी नोकरी त्या शिस्तीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत, कारण मराठीत मोठ्या माणसांशी वाद घालणं मला कधी जमलं नाही. दारं उघडी असतील तर शोधायला काही उरणार नाही, एवढंच चार ओळींत लिहिलं होतं. साहेबांनी कोपऱ्यात ‘सीन’, म्हणजे पाहिलं, असा शेरा मारून सही केली आणि चिठ्ठी फायलीला लावली. मग मला बोलावलं.

“पोरी, तुला वाटतंय मी खेळ बिघडवतोय.”

“नाही साहेब.”

“मग?”

मी फायलीतल्या चिठ्ठीकडे बघितलं.

“त्यो मानूस पहिल्याच बेटावर अडकला तर बाकीची आठ कवा बघनार? गुरुजींनी एवढं मरमर करून काढलंय, ते दिसाय नको व्हय?”

गुरुजींचं नाव निघाल्यावर मलाही ते थोडं पटलं. निदान पटलं असं मी स्वतःला सांगितलं.

मी सेव्ह फाइल बनवली. खेळणारा कुठवर पोचला, त्याच्याकडे काय काय आहे, याची नोंद त्या फाइलीत असते. तिच्यात मी राणूला आकडी, कंदील, होकायंत्र, सगळं देऊन टाकलं. नऊही बेटांची दारं उघडली. गेम चालू केला की हीच फाइल लागेल अशी सोय केली. सोबतच्या पत्रात हे लिहू का, असं साहेबांना विचारलं. पेटी आपण उघडून ठेवली असं इन्स्पेक्शनला कोण सांगतं, असं त्यांनी मलाच विचारलं. पत्र मी टाइप केलं. त्यात ते लिहिलं नाही.

दीड महिन्याने अंक आला. साहेबांनी गुरुजींना शेजारी बसवलं आणि मला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या परिच्छेदात चित्रांचं कौतुक होतं. हाताची रेघ कळते, पाणी समुद्राचं वाटत नाही पण जिवंत आहे, असं लिहिलं होतं. पुढच्या परिच्छेदाला मी अडखळले. पहिल्या बेटावरच्या दारातून परीक्षक सरळ आत गेला होता. आत एक पेटी होती आणि तिच्यातली वस्तू त्याच्याकडे आधीच होती. हा खेळ स्वतःला शोधाचा म्हणवतो, पण शोधायला काही ठेवलेलंच नाही. हा एक सुंदर अल्बम आहे, आणि रचना करणाऱ्याला खेळ म्हणजे काय ते कळलेलं नाही. दहापैकी चार.

रचना करणारी मी. ते वाक्य मी मोठ्याने, नीट मराठी करून वाचलं.

“म्हंजे चित्रं पास,” साहेब म्हणाले. “गेममधी आपन कमी पडलो.”

घोळ उघड्या दारांनी केला, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. ते खोटं बोलत असते तर मला राग तरी धरता आला असता.

मी कोणालाही न विचारता एसटीडी बूथवरून मासिकाच्या ऑफिसला फोन लावला. परीक्षकाला सगळं सांगितलं. तुम्ही पाठवलंत तेच मी खेळलो, तो म्हणाला, आवाज न चढवता. विकायची कॉपी पाठवा, बघतो. मी त्याच दुपारी बंद दारांची फ्लॉपी कुरिअर केली. दोन अंकांनंतर वाचकांच्या पत्रांखाली तीन ओळी आल्या. विक्रीची आवृत्ती वेगळी आहे आणि बरीच बरी आहे. वितरकाचा नकार त्याच्या आधीच येऊन पडला होता.

त्या दिवसांत क्लासमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब सांगायचे, गुरुजींनी झकास काढलं, पोरीला खेळ काय जमला न्हाई. मी शेजारच्या मशीनवर असायचे. मी कधी दुरुस्ती केली नाही. फ्लॉपी माझ्या हातची होती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात गुरुजी कोरेगावला परत निघाले. ब्रश पुसून कापडात गुंडाळत ते म्हणाले, “मॅडम, एक विचारू? पहिल्या बेटावरचं दार मी बंद काढलं होतं. आकडी लावल्याशिवाय उघड्या दाराचं चित्र येतच नाही. मग तो माणूस सरळ आत कसा गेला?”

“मी उघडून दिलं होतं,” मी म्हणाले. “साहेबांनी सांगितलं म्हणून.”

त्यांनी कापडाची गाठ मारली.

“मला सांगायचं होतंत. साहेब माझं ऐकतात.”

वर्षभर ते माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसत होते. त्यांना सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मी पुण्यात शाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. परीक्षणाला जाणारी कॉपी मी दुकानात विकायच्या खोक्यातूनच उचलते. गेम पुन्हा केला नाही.